थांबाभाऊ आणि अठराचा आकडा

आमच्या दुकानात माल न विकण्यासाठी एक माणूस पगारावर ठेवला आहे. मालकांना हे वाक्य आवडत नाही, पण खोटं आहे असंही ते कधी म्हणाले नाहीत. दुकान कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं. पुढे काउंटर, मागे काचेच्या पार्टिशनपलीकडे माझं दुरुस्तीचं टेबल. गेली अकरा वर्षं मी तिथे बसून लोकांची जळालेली, आपटलेली, सरबत सांडलेली कार्डं जिवंत करते आणि मान वर केली की काचेतून हा माणूस गिऱ्हाइकं परत पाठवताना दिसतो.

गिऱ्हाईक येतं ते खुशीत असतं. घरून ठरवून आलेलं असतं. म्हणतं, "गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवंय." हा माणूस कपाटाकडे बघतसुद्धा नाही. चष्मा कपाळावर ढकलतो, दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवतो आणि विचारतो, "घाई आहे का?"

"तशी घाई नाही, पण..."

"मग थांबा."

म्हणून त्यांचं नाव थांबाभाऊ. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण दोन वर्षांपूर्वी नवी वही केली तेव्हा मालकांनी गडबडीत तिथेही थांबाभाऊच लिहिलं, आणि भाऊंनी त्यापुढे मुकाट सही केली.

थांबायचं कशासाठी, तर मेमरीसाठी. गेममधली घरं, झाडं, दगड, माणसांचे चेहरे हे सगळं खेळताना कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. नाही मावलं तर गेम कुरकुर करत नाही, सरळ सगळ्यावर बोळा फिरवतो आणि जे दिसतं ते पुसट दिसतं. भाऊंचं ठाम मत असं की कार्ड काढणाऱ्या कंपन्या मेमरी देताना हात आखडता घेतात आणि पुढच्या खेपेला जराशी सैल सोडतात. तेव्हा शहाण्या माणसाने पुढच्या खेपेची वाट बघावी.

"आणि पुढची खेप आली की?" मी एकदा विचारलं.

"तिच्या पुढची आहेच की, ताई," भाऊ म्हणाले. मी चिडवतेय हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

नवं कार्ड बाजारात यायच्या आधी पाच-सहा महिने त्याचे चोरटे फोटो फिरायला लागतात. कुणीतरी कारखान्यातून काढलेले, अंधुक, तिरके. बाकीची दुनिया ते मोबाइलवर बघते आणि विसरते. भाऊ ते मोठ्या कागदावर छापून घेतात, काउंटरवर पसरतात आणि भिंग घेऊन बसतात. बोर्डाच्या मधोमध मुख्य चिप, तिच्याभोवती मेमरीच्या चिपा बसवायच्या चौकोनी जागा. त्या जागा मोजायच्या. सहा जागा असल्या आणि प्रत्येकीवर दोन जीबीची चिप बसली तर बारा. तीनची बसली तर अठरा. गणित पहिलीच्या पोराला येईल असं, पण दोनची बसणार की तीनची, या एका प्रश्नावर भाऊ तीन महिने काढू शकतात. चिपा बनवणारा कारखाना कुठला, त्यांच्याकडे तीनच्या चिपा साठल्यात का, मागच्या वेळी लोकांनी किती शिव्या घातल्या, सगळं जमेस धरतात. मग एखाद्या सोमवारी रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापतात, त्यावर जाड पेनने आकडा लिहितात आणि काउंटरच्या मागे टांगतात. त्या दिवसापासून आकडा पक्का. माझ्या समोर त्यांनी एकदाही पुठ्ठा बदललेला नाही.

चौदा वर्षांत त्यांचे आठ अंदाज बरोबर आले, पाच चुकले आणि एकाचा वाद अजून चालू आहे. त्या वर्षी पुठ्ठ्यावर बारा होते आणि कंपनीने एकाच नावाची दोन कार्डं काढली, एक आठचं आणि एक सोळाचं. सगळं दुकान हसायला लागलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "सरासरी काढा."

मालकांनी या माणसापुढे हात टेकलेत. एकदा खरंच त्यांना घरी बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी जो येईल तो विचारत होता, "भाऊ कुठे गेले?" आणि भाऊ नाहीत म्हटल्यावर काही न घेता जात होता. तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की भाऊंचं व्याख्यान ऐकता ऐकता लोक एखादी केबल, एखादा माऊस, दोन पंखे घेऊन जातात आणि सहा महिन्यांनी कार्ड घ्यायला याच दारात येतात, कारण इथे त्यांना कुणी गंडवलेलं नसतं. भाऊ परत आले. तरी मालक अधूनमधून केबिनमधून ओरडतात, "अहो, एखादं तरी विकून दाखवा, मी पेढे वाटतो!"

भाऊंनी स्वतः यंदापर्यंत आयुष्यात एकही कार्ड घेतलेलं नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये होतं ते चार जीबीचं, आणि तेही एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकून वर्षभर नेलं नाही म्हणून मालकांनी यांच्या गळ्यात मारलेलं. मी ते आजवर दोनदा मरणाच्या दारातून ओढून आणलंय. वहिनींना विचाराल तर घरात सगळ्याच वस्तूंची ही तऱ्हा. मिक्सरचं झाकण हाताने दाबून धरावं लागतं, कारण नवा मिक्सर पुढच्या वर्षी चांगला येणार आहे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आमचं लग्न ठरताना ह्यांना कुणी सांगितलं नाही की पुढच्या वर्षी हिच्यापेक्षा चांगली येईल. म्हणून मी इथे दिसतेय तुम्हाला."

भाऊ बाजूलाच बसून हसत होते. मला हा माणूस का आवडतो ते सांगता येत नाही, पण आवडतो. आणि त्यांच्या लेकीवरचा त्यांचा जीव बघितला की जरा जास्तच आवडतो.

लेक तेवीस वर्षांची. सात वर्षांची असल्यापासून बापलेक मिळून एक गेम खेळत आलेत. घोड्यावरून अफाट मुलुखात हिंडणारा एक स्वार, वाटेत गावं, जंगलं, भांडणं, अशी ती गोष्ट. एकाच खुर्चीत दोघं बसायचे, पुढे ती, मागे हे. घोडा तिच्या हातात, तलवार यांच्या. गोष्टीचे तीन भाग त्यांनी असे संपवले. तिसरा संपला तेव्हा ती कॉलेजात होती आणि खुर्चीत मावत नव्हती, तरी अर्धी अर्धी टेकून बसायचे.

चौथा आणि शेवटचा भाग आला दोन वर्षांपूर्वी. त्या दिवशी कार्डाने पुन्हा मान टाकली होती म्हणून मी त्यांच्या घरीच होते. कार्ड सुरू झालं, गेम उघडला, आणि चार जीबीत तो कुठला मावतोय! घोडा सपाट, स्वाराला चेहरा नाही, गावातली सगळी माणसं ओल्या मातीची केल्यासारखी. लेक म्हणाली, "बाबा, ही बाई हसतेय की रडतेय? हिला तोंडच नाहीये."

भाऊंनी गेम बंद केला. म्हणाले, "असा नाही खेळायचा. शेवटचा भाग आहे, तो नीट बघायचा. पुढचं कार्ड येऊ दे."

"येऊ दे," लेक म्हणाली.

पुढचं कार्ड आलं बारा जीबीचं. गेमला ते पुरेसं होतं. पण भाऊंनी तोवर त्याच्या पुढच्याचा पुठ्ठा टांगला होता, त्यावर लिहिलं होतं अठरा, आणि अठरा येणार हे ठाऊक असताना बारा घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

यंदा लेकीला नोकरी लागली, ती दूर, समुद्रापलीकडे. निघायचं बावीस तारखेला, तीन वर्षं तरी यायला जमणार नाही. त्याच आठवड्यात नव्या कार्डाची तारीख जाहीर झाली: चौदा. भाऊ नाचायचेच बाकी होते. मला कागदावर मांडून दाखवलं, गेम चाळीस तासांचा, मध्ये आठ दिवस, रोज पाच तास. "बसतंय की नाही बरोबर, ताई? रजाही टाकलीय."

आणि मग कंपनीने तारीख पुढे ढकलली. बावीस.

मला वाटलं आता तरी हा माणूस कपाट उघडेल. मालक स्वतः केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊ, ते बाराचं घेऊन जा हो. आज घेऊन जा." भाऊ म्हणाले, "आता? अठरा दारात आलेलं असताना?" आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या हाती नवा फोटो लागला.

दुसऱ्या दिवशी फोटो काउंटरवर पसरलेला, भिंग त्यावर आणि भोवती पाच-सहा गिऱ्हाइकं माना घालून. भाऊंचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. "सहा जागा. आणि या जागांची ठेवण बघा, तीनच्या चिपांचीच आहे. पण खरी गंमत पुढे आहे. ही खाली निळी रबरी चटई दिसते ना? ही कारखान्याच्या शेवटच्या टप्प्यावर असते. आणि हा गोल तपकिरी शिक्का, हा तपासणी झाल्याचा. म्हणजे माल तयार आहे! तारीख परत अलीकडे येणार, लिहून घ्या. चार-पाच दिवसांत येणार."

मी चहाचा कप घेऊन सहज डोकावले आणि कप हातातच राहिला.

चटई माझी होती. तपकिरी शिक्का माझ्या चहाच्या कपाचा होता. कोपऱ्यात चिमट्याचं टोक दिसत होतं आणि त्याला लाल दोरा गुंडाळलेला होता. तो मी गुंडाळलाय, दुकानातल्या कुणी उचलू नये म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी एका जुन्या कार्डाच्या मेमरीच्या चिपा मी काढल्या होत्या. दोन जागांवरचे, चिप जोडायचे धातूचे ठिपके उखडले होते, म्हणून फोटो काढून आमच्या दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता, की कुणाला उपाय माहीत आहे का. उपाय कुणी सांगितला नाही. सांगतच नाहीत कधी. पण फोटो मात्र कुणीतरी पुढे पाठवला, कुणीतरी कडेने कापला, कुणीतरी त्यावर 'कारखान्यातून बाहेर आलेला' असं ठोकून दिलं, आणि जगभर हिंडून तो माझ्या टेबलापासून दहा पावलांवर येऊन पोचला होता.

मी सांगितलं का? नाही सांगितलं. खरं लिहायचं तर पहिला दिवस मला आतल्या आत हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या चहाच्या डागाला शिक्का म्हणणारा विद्वान रोज बघायला मिळत नाही. भर गिऱ्हाइकांत त्यांचं हसं होईल, नंतर एकटे असताना सांगू, असंही मी स्वतःला समजावलं. एकूण चार दिवस गेले.

चौथ्या दिवशी, तेरा तारखेला, लेक बापाचा डबा द्यायला आली. भाऊ गोदामात होते, तर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पडलेला एक स्क्रू उचलून बोटांत फिरवत म्हणाली, "मावशी, बाबांना सांगू नका हं. मी तिकडच्या ऑफिसात विचारलं होतं, आठ दिवस उशिरा आले तर चालेल का म्हणून. नाही म्हणाले."

मी हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाबा म्हणतात, कार्ड उद्या-परवा येईल. त्यांच्याकडे फोटो आहे." तिने स्क्रू टेबलावर ठेवला. "खरंच येणार आहे का हो?"

तेवीस वर्षांची मुलगी, नोकरीला निघालेली, आणि हे विचारताना तिचा आवाज अगदी सात वर्षांचा झाला. मला माझीच इतकी लाज वाटली की तिला काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही.

ती गेली तशी मी चटई गुंडाळली, चिमटा घेतला, ते जुनं कार्ड घेतलं आणि काउंटरवर गेले. भाऊ आले होते. चार गिऱ्हाइकं होती, पण आता एकांताची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्या फोटोच्या शेजारी चटई पसरली, डाग फोटोतल्यासारखा येईल अशी फिरवली, कार्ड फोटोत होतं तसं तिरकं मांडलं, चिमट्याचं टोक कोपऱ्यात आणलं.

"भाऊ," मी म्हटलं, "हा तुमचा कारखाना."

भाऊंनी भिंग उचललं. फोटोवरून चटईवर नेलं, चटईवरून फोटोवर. पुन्हा एकदा तसंच. मग डागावर बोट ठेवलं. "हा शिक्का..."

"चहा आहे."

"आणि या सहा जागा?"

"आठ होत्या. फोटो कापणाऱ्याने दोन कापल्या."

एक गिऱ्हाईक फसकन हसलं. भाऊ हसले नाहीत. भिंग खाली ठेवून स्टुलावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, "मला चार दिवसांपासून माहीत होतं. चुकले मी." त्यांना ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. ते एवढंच म्हणाले, "चार दिवस मी तिला सांगतोय, येतंय म्हणून. ती रोज बरं म्हणतेय."

मग उठले आणि कपाट उघडलं. अकरा वर्षांत मी त्यांना ते कपाट इतक्या घाईने उघडताना पाहिलं नव्हतं. बाराचं खोकं काढलं, बगलेत मारलं. समोर उभं असलेलं एक गिऱ्हाईक, चार महिन्यांपासून थांबवून ठेवलेलं, ते खवळलं. "अहो भाऊ! मला अठराची वाट बघायला लावली आणि तुम्ही स्वतः बारा घेताय?"

"तुमची लेक कुठे निघालीय का?" भाऊंनी विचारलं.

"मला मुलगी नाहीये."

"मग तुम्ही थांबा," भाऊ म्हणाले, आणि दुपारी दोन वाजता दुकान सोडून घरी गेले.

मालक केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी पेढे वाटले नाहीत, पण खोक्याबद्दलही त्या दिवशी एक शब्द काढला नाही.

त्यानंतरचे नऊ दिवस मला वहिनींच्या फोनवरून आणि भाऊंच्या निरोपांवरून कळत होते. पहिल्या संध्याकाळी निरोप आला: "ताई, माणसांना दात आहेत." दुसऱ्या दिवशी: "घोड्याच्या पापण्या हलतात." पहाटे पाचला उठून आठपर्यंत खेळायचे, मग लेकीची खरेदी, बांधाबांध, भेटायला येणारी माणसं, आणि दुपारी पुन्हा बसायचे. आता दोन खुर्च्या लागत होत्या. घोडा अजूनही तिच्याकडेच होता. वहिनी वैतागून म्हणाल्या, "घरात दोन माणसं आणि दोघंही घोड्यावर. बॅगा मी एकटी भरतेय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "असू दे. दोघं हसतात ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं."

चाळीस तास काही झाले नाहीत. एकतीस झाले. शेवटचा डोंगर उतरायचा राहिला. लेक म्हणाली होती तुम्ही पुढे खेळा, मला फोनवर सांगा. भाऊ हो म्हणाले होते, आणि वहिनींना खात्री होती की ते खेळणार नाहीत.

बावीस तारखेला सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या कार्डाची घोषणा अकराला होणार होती आणि अशा दिवशी सगळे भाऊंच्या काउंटरवरच जमतात. जो तो विचारत होता, भाऊ कुठे, भाऊ कुठे. चौदा वर्षांत हा दिवस त्यांनी पहिल्यांदाच चुकवला होता; ते लेकीला विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेले होते. मालकांनी मोठ्या पडद्यावर घोषणा लावली. नाव आलं, किंमत आली, कार्ड फिरवून दाखवलं, आणि मग मेमरी आली.

अठरा.

दुकानात एकच गलका झाला. ते खवळलेलं गिऱ्हाईक टाळ्या पिटत होतं. मालकांनी स्वतः स्टुलावर चढून पुठ्ठा काढला आणि लग्नातला फोटो दाखवावा तसा सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हणजे आठाचे नऊ झाले होते, आणि तेही चहाच्या डागाची काही मदत नसताना. माझे डोळे भरून आले ते कशाने ते मला तिथे कुणाला सांगता आलं नसतं. मी मागे टेबलापाशी गेले आणि भाऊंना निरोप लिहिला: "अठरा आले. तुमचं बरोबर निघालं!"

वीस मिनिटं काही उत्तर नाही. मग आलं: "गाडी सुटली आत्ताच."

थोड्या वेळाने आणखी एक आलं: "किती म्हणालात?"

मी पुन्हा लिहिलं, अठरा. ते त्यांनी संध्याकाळपर्यंत उघडून बघितलं नाही.